एकाच बोटाचे दोन आकडे

दचकू नका, हा टिकटिक आवाज माझाच आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तसा मी दिसतो. बोटाला चावतो, पण दुखवत नाही. माझ्या पोटात एक लाल दिवा लागतो आणि माणसाच्या रक्तात प्राणवायू किती उरलाय, तो आकडा मी दाखवतो. लोक मला ऑक्सिमीटर म्हणतात. आकडे सोडून मला काहीच बोलता येत नाही. आज जमेल तसं बोलतोय, सांभाळून घ्या.

मी मुळातच घाबरट. ज्या कारखान्यात माझे दोन जबडे जोडले गेले, तिथे लांब टेबलाशी एक बाई बसायची. दिवसभर ती आमच्यासारख्या शेकडोंना स्वतःचं बोट द्यायची. तिने मला बोट दिलं तेव्हा मी इतका गडबडलो, की आधी नुसत्याच दोन रेघा दाखवल्या. मग धीर करून म्हणालो, अठ्ठ्याण्णव. “शहाणा आहेस,” ती पुटपुटली आणि मला डब्यात घातलं. तेवढं कौतुक मला अजून पुरतंय.

औषधाच्या दुकानातून मला एका वाटाड्याने नेलं. जिथे झाडंसुद्धा वर यायला नकार देतात, अशा उंच डोंगरांत तो माणसांना दऱ्यादऱ्यांतून चढवत न्यायचा आणि एखाद्या खिंडीतून पलीकडे उतरवायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे, त्याच्या वडिलांच्या वयाचे लोकसुद्धा. थंडीने माझे सेल मरगळतात, म्हणून दादा मला दोरीने गळ्यात बांधून शर्टाच्या आत ठेवायचे. त्यांच्या छातीचे ठोके ऐकत मी किती चढ चढलो, त्याला गणती नाही.

दादांचा नियम साधा होता. रोज संध्याकाळी, जेवणाआधी, प्रत्येकाचा आकडा घ्यायचा. पंचाहत्तरच्या खाली आला, की मी किंचाळायचं आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी डोंगर उतरायचा. तिथे वशिला नाही.

आणि एक पद्धत होती. तंबू उघडला की आतली ऊब पळते, लोक कुरकुरतात. म्हणून दादा बाहेरच उकिडवे बसायचे आणि हाक मारायचे, “बोट!” तंबूची चेन वीतभर उघडायची, आतून एकाचा हात बाहेर यायचा, मग दुसऱ्याचा. मला ही पद्धत तेव्हा फार मजेशीर वाटायची. आता आठवली की अंगावर काटा येतो.

त्या खेपेला सहाजण होते. त्यात निवृत्त झालेले एक बँकवाले काका होते. आकडा ऐकला की म्हणायचे, “ब्याऐंशी? अहो, मॅट्रिकला एवढे पडले असते तर बापाने मारलं नसतं!” आणि त्यात होत्या एक आई आणि त्यांची मुलगी.

आई साठीच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. बारीक चणीच्या, पण आवाज कसा, स्वच्छ धुतलेल्या काचेसारखा. मुलगी शाळेत गणित शिकवायची. सगळे तिला ताई म्हणत. ही ताई माझ्याच जातीची, घाबरट. दगड घरंगळला की दचकायची, मी टिकटिकलो की दचकायची.

“भित्री भागूबाई,” आई हसायच्या. “हिला मी डोंगर दाखवायला आणलंय की हिने मला, तेच कळत नाही.”

“आई, हळू चाल ना गं.”

“हळूच चालतेय. जन्मभर खुर्चीत बसून काढलाय, आता तरी चालू दे.”

पहिल्या दोन दऱ्या गाणी म्हणत पार झाल्या. ताईने आणि आईंनी एकसारखे हातमोजे घातले होते, बोटं उघडी राहतील असे, आईंनीच विणलेले. आईंचे राखाडी, ताईचे लाल. चेनमधून लाल हात आला की दादा वहीत लिहायचे ‘ताई’, राखाडी आला की ‘आई’. ताई सत्त्याऐंशी, शहाऐंशी. आई ऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर. घसरत होत्या, पण होत्या.

एका मुक्कामावर चहा पिताना काकांनी विचारलं, “वहिनी, एवढे डोंगर सोडून हीच खिंड का?”

आई म्हणाल्या, “त्या खिंडीच्या खाली एक चौकी आहे ना, तिथून आमच्याकडे ट्रंक कॉल यायचे. तिथला माणूस बोलायला लागला की मागे वारा ऐकू यायचा. त्याच्या घरी कधी फोन जुळायचा नाही, तेव्हा तो नुसता थांबून राहायचा आणि मी तो वारा ऐकत बसायचे. दुनियेचे फोन जोडले मी. स्वतः कुठे गेले नाही. म्हटलं, एकदा तिथे उभं राहायचं.”

काकांनी किटली उचलून त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

खिंडीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटच्या मुक्कामाला दुपारी पोचलो. सगळीकडे राखी दगड, मध्येच मळक्या बर्फाचे पट्टे. आई शेवटचा चढ पंधरा पंधरा पावलांवर थांबत चढल्या होत्या. सूप तसंच ठेवलं. बुटाची नाडी सोडताना त्यांना ती सापडेना.

ताई दादांकडे आली. “दादा, ते यंत्र जरा देता? माझंच बघायचंय.”

दादा स्वयंपाकाच्या तंबूत आचाऱ्याशी बोलत होते. त्यांनी मला गळ्यातून काढून दिलं. तंबूत शिरल्याबरोबर ताईने मला आईंच्या बोटाला लावलं.

अडुसष्ट. मी किंचाळलो. आईंनी दुसऱ्या हाताची मूठ माझ्यावर गच्च दाबली.

“काय झालं?” बाहेरून दादांचा आवाज.

ताईचं तोंड उघडं राहिलं. उत्तर आईंनी दिलं, त्या काचेच्या आवाजात. “काही नाही हो दादा! हात गारठलेत माझे!”

यात खोटं असं काही नव्हतं. हात गारठले की मी चुकतो, हे दादांना ठाऊक होतं. “चोळून गरम करा,” ते म्हणाले. “संध्याकाळी परत बघतो.”

ताई रडवेली झाली. “आई, आपण उतरू या. मी येते ना तुझ्याबरोबर.”

“बाळा, नुसतं डोकं दुखतंय. उद्या दुपारपर्यंत आपण पलीकडे उतरायला लागू. उतरलं की बरं वाटतं, दादाच म्हणतात.”

“नियम आहे.”

“मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?” आईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. “साडी मागितली? तीर्थाला ने म्हटलं? पुढच्या वर्षी गुडघे नसतील, मग कोण आणतंय मला? एक संध्याकाळ माझ्या जागी बोट दे. तुझ्या बोटाला काय धाड भरलीय? एक संध्याकाळ फक्त.”

ताईने आपल्या लाल हातमोज्यांकडे पाहिलं. मग तिने मला दादांना परत नेऊन दिलं आणि म्हणाली, “माझं ठीक आहे.”

संध्याकाळी दादा तंबूबाहेर बसले. “बोट!”

लाल हात आला. शहाऐंशी. दादांनी लिहिलं.

“आई, आता तुमचं.”

आत जरा खुसफुस झाली. मग राखाडी हात आला. मी त्या बोटाला धरलं मात्र, आणि गार पडलो. तीच नखं, पेराजवळ खडू धरून पडलेला तोच घट्टा, तेच घाबरलेले, धावणारे ठोके. मी ओळखलं. माझा आकडा मात्र इमानदारीने आला. पंच्याऐंशी.

“वा, आई!” दादांना मनापासून आनंद झाला. “हात चोळल्याचा गुण आला. डोकंबिकं?”

“छे! भूक लागलीय,” आतून काचेचा आवाज.

मला किंचाळायचं होतं. पण माझी किंकाळी पंचाहत्तरच्या वर फुटतच नाही, तसंच घडवलंय मला. भित्र्या भागूबाईने आयुष्यात एकदाच धाडस केलं आणि मी तिच्या बोटाला लटकून नुसता बघत राहिलो.

सकाळी उजाडता उजाडता निघालो. खिंड दिसायला लागली होती, दोन काळ्या सुळक्यांमधली खाच. तिच्या खाली दोन वळणांवर आई एका दगडावर बसल्या आणि कोणालातरी म्हणाल्या, “थांबा, लाइन लागतेय.” तिथे फोन नव्हता. काका हसायला गेले आणि अर्ध्यातच थांबले.

दादांनी मला आईंच्या बोटाला लावलं. एकावन्न. मी किंचाळत राहिलो. दादांनी हात चोळले, परत लावलं. एकोणपन्नास. मला झटकलं, स्वतःच्या बोटाला लावलं. नव्वद. मग त्यांनी वही काढली, कालचा पंच्याऐंशीचा आकडा पाहिला आणि मान वर केली. समोर ताई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

आचाऱ्याने प्राणवायूची छोटी नळकांडी काढून आईंच्या नाकाला लावली, दादांनी आईंना पाठीवर बांधून घेतलं आणि आले त्या वाटेने पळत सुटले. खिंडीकडे पाठ करून. मी दादांच्या छातीवर होतो आणि आईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर. आईंच्या श्वासाची घरघर मला ऐकू येत होती. शेवटच्या मुक्कामाच्या थोडं खाली, ओढ्याकाठी, ती घरघर थांबली. दादांनी आईंना उतरवलं आणि मला पुन्हा लावलं. मी दोन रेघा दाखवल्या.

बाकीचे धापा टाकत पोचले. “पण काल तर पंच्याऐंशी होते!” काका ओरडले. “मी स्वतः ऐकलंय! काल पंच्याऐंशी होते ना?”

ताई आईंच्या पायाशी बसली होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात दादा म्हणाले, “यंत्र बिघडलं होतं. माझी चूक. मी तपासायला हवं होतं.”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले. दादांना पक्कं ठाऊक होतं की मी बिघडलेलो नाही.

दादांच्या कचेरीत, एका कपाटाच्या खणात, माझ्यावर चिठ्ठी चिकटवली गेली, ‘बंद’. तिथे मी दोरखंडांच्या आणि जुन्या पावत्यांच्या शेजारी पडून राहिलो. तिसऱ्या महिन्यात बाबा आले, आईंचे यजमान, आईंची पिशवी न्यायला. बरोबर ताई. ती वाळून गेली होती.

बाबा उभ्या उभ्याच ओरडायला लागले. “माणसं वर नेता आणि एक यंत्र धड ठेवता येत नाही तुम्हाला? अर्ज देणार आहे मी. तुमचा परवाना काढून घ्यायला लावतो की नाही बघा!”

“द्या, बाबा,” दादा खाली मान घालून म्हणाले.

ताई पुढे झाली. खण उघडाच होता. तिने माझ्यावरची चिठ्ठी ओढून काढली, मला स्वतःच्या बोटाला लावलं. मग बाबांचा हात ओढून त्यांच्या बोटाला.

“बाबा, हे चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं आहे.” तिने त्यांचा हात सोडला नव्हता. “आईचा हातमोजा मी घातला होता. ते बोट माझं होतं.”

दादा म्हणाले, “ताई, कशाला...”

“तिने मागितलं, मी दिलं. तिने मागितलं, बाबा.”

बाबा बाकावर बसले. मी अजून त्यांच्या बोटाला होतो. ठोके आधी धावले, मग अडखळले. मला वाटलं, आता हे हिला मारतील. मी डोळे मिटले असते, असते तर.

“माझ्याकडे मागितलं असतं तर मीही दिलं असतं,” बाबा म्हणाले. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, “पस्तीस वर्षांत माझ्याकडे तिने कधी काही मागितलंच नाही.”

ताईने त्यांच्या बोटावरून मला काढलं. अर्ज दिला गेला नाही. दोघं पिशवी घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

दादांनी मला नवे सेल घातले. मी पुन्हा वर जातो, पुन्हा खिंडी ओलांडतो. आता दादा बाहेर बसून हाक मारत नाहीत. तंबूत शिरतात, मांडी घालतात, आधी चेहरा बघतात, दोन वाक्यं बोलायला लावतात आणि मगच मला काढतात. ऊब जाते म्हणून लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

एवढंच मागतो मी तुमच्याकडे. मला खोटं बोलता येत नाही, पण माझ्या तोंडून खोटं वदवता येतं, आणि ते वदवणारे बहुतेक वेळा मायेनेच वदवतात. कधी मला बोट दिलंत, तर आपलंच द्या. आणि ताई, हे कुठे वाचत असशील तर ऐक. त्या संध्याकाळी खरं काय ते तिघांना माहीत होतं, आईंना, तुला आणि मला. आई गेल्या. तू सांगून टाकलंस, कचेरीत उभं राहून. मी मात्र अजून ते पंच्याऐंशी पोटात घेऊन फिरतोय.