शनिवारी उरणारी गोळी

मी एक जुना, निळा, गोल डबा आहे. मित्रांनो, माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. कारखान्यात पत्रा वाकवून मला आकार दिला, झाकणावर बर्फातले घर रंगवले आणि एका नाताळात मी कुमासी शहरात, बिरागो आजींच्या घरी आलो. बिस्किटे नातवंडांनी बघता बघता फस्त केली. मग माझ्यात औषधे आली, ती कायमची.

आजींचा जन्म बाजारात कापड विकण्यात गेलेला. गल्लीत कुणाचे गुडघे दुखले, कुणाला झोप येईना, की त्या माझे झाकण उघडून सढळ हाताने गोळी देत. लोक माझी वाहवा करत. आपण लहानसा दवाखानाच आहोत, असे मला वाटू लागले. खरे तर माझ्यातली कोणती गोळी कशावरची, हे मलाही सांगता आले नसते.

पुढे आजी पडू लागल्या. चर्चमध्ये प्रार्थनेला उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी यायची. राजधानी आक्राहून त्यांचा मुलगा ओहेने याने फोनवर बजावले की एकटीने राहणे आता पुरे, लवकरच येऊन घेऊन जातो. आजींना ते नको होते. त्यांच्या ओळखीची जिवंत आणि गेलेली, सगळी माणसे कुमासीतच होती.

त्याच सुमारास औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकणारी आसाबेआ घरी येऊ लागली. म्हातारी माणसे औषधे कशी घेतात, याचा तिथे अभ्यास चालला होता. रोज घेता का, असे तिने विचारले. एकही बुडवत नाही, असे आजींनी सांगितले. तिने ते लिहून घेतले. दोघींपैकी कुणीही खोटे बोलले नव्हते.

एकदा ती शनिवारी आली. शनिवार हा आमच्याकडे मयतीचा वार, कुणी कधीही गेले तरी मयत शनिवारी, मांडव घालून होते, आणि आजी कुणाचीही मयत चुकवत नसत. काळे वस्त्र नेसून त्या निघायच्या बेतात होत्या. सकाळच्या गोळ्या त्यांनी तळहातावर घेतल्या, त्यातली रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी तेवढी उचलली आणि परत माझ्यात टाकली.

"आजी, ही राहिली," आसाबेआ म्हणाली.

"हिला आज सुट्टी. दुपारपर्यंत मांडवात बसायचं. ही घेतली की सारखं उठावं लागतं. या वयात सगळ्यांदेखत झुडपात जाऊ होय? का तू येतेस आडोसा धरायला?"

"मग हिचं काय करता?"

"उद्या जोडीनं घेते. बुडवत नाही म्हटलं ना तुला, पोरी."

आसाबेआने वहीत आजींच्या पडण्याची नोंद शोधली. "आजी, तुम्ही पडता ते रविवारीच ना?"

आजी पदर सावरता सावरता थांबल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, जणू मीच चोर.

आसाबेआने त्यांना बोल लावला नाही. ती त्यांच्याबरोबर मयतीला गेली आणि उन्हात खुर्चीवर बसून राहिली. नंतर ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितले की शनिवारची गोळी दुपारी घरी आल्यावर घ्या, आणि राहून गेलीच तर सोडून द्या, पण दोन एकदम कधीही घेऊ नका, अंधारी त्यानेच येते. माझ्यातल्या इतरांच्या आणि मुदत संपलेल्या गोळ्या आसाबेआ काढून घेऊन गेली. मी हलका झालो आणि मला वाईट वाटले.

ओहेने आईला न्यायला आला, तो रविवारी. चर्चमध्ये आजी सगळा वेळ उभ्या राहिल्या, दान टाकायला रीतीप्रमाणे रांगेतून नाचत गेल्या आणि बसल्या त्या आपल्या मर्जीने. ओहेने घरी येऊन फुफू, म्हणजे कुटलेल्या कंदाचा गोळा आणि रस्सा, जेवला आणि एकटाच बसने परतला.

आजींना कप्प्यांची नवी डबी मिळाली, आणि मी कॉलेजात आलो. आता आसाबेआ तिथे शिकवते. दरवर्षी ती मला टेबलावर ठेवते, आतली एक जुनी पांढरी गोळी दाखवते आणि विचारते, ही का उरली? आजी विसरल्या असतील, कडू असेल, असे मुले सांगतात. ती त्यांना एवढेच म्हणते की जा, त्यांच्याबरोबर शनिवार काढा.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. औषध घेतलेस का, असे दारातून विचारून पळू नका. जवळ बसा, झाकण उघडा आणि उरलेली गोळी का उरली, ते ऐकून घ्या.

बिरागो आजी पुढे पुष्कळ वर्षांनी, घरच्या खाटेवर गेल्या. त्यांची मयतही शनिवारीच झाली. ओहेनेने मांडव घातला, पण त्याआधी मांडवामागे, आईने सांगून ठेवल्याप्रमाणे, म्हाताऱ्या बायकांसाठी चांगला भक्कम आडोसा बांधला.