भागाबाईची बादली

"आते दोन महिना जाळं टाकानं नही," भागाबाई म्हणाली आणि ज्योत्स्नाच्या हातातलं जाळं घेऊन तिनं त्याची नीट घडी घातली. "मासोया बायतपनले येल शेतस. माहेरपण शे त्यास्नं."

ज्योत्स्नाला हसू आलं नाही. गावतळ्याचा ठेका यंदा भागाबाईच्या घरातून सुटून बचत गटाला मिळाला होता आणि ज्योत्स्ना गटाची अध्यक्ष होती. धुळ्याचे मत्स्य खात्याचे साहेब म्हणाले होते, मासेमारी शिकायची तर या भोईणीकडूनच शिका. पण जिच्या ताटातला घास गेला, ती दुसऱ्याला जेवायला शिकवेल? म्हातारीनं मोठ्या भोकांचं जाळं दिलं, लहान मासे सोडायला लावले. आता तर माशांच्या विणीचं कारण सांगून तळंच बंद. बायका घरी बसल्या की हिचे पुतणे हात मारणार, याची ज्योत्स्नाला खात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काही आलं होतं, ते तिला बुडू द्यायचं नव्हतं. तिनं पाळत ठेवली.

श्रावणातल्या एका सकाळी भागाबाई सांडव्याखालच्या डबक्यात वाकलेली सापडली. शेजारी फडक्यानं झाकलेली बादली होती. ज्योत्स्नानं फोन करून गटातल्या सात बायका गोळा केल्या.

"अक्का, बादलीम्हा काय शे?"

"देख ना."

फडक्याखाली बोटाच्या पेराएवढी पिल्लं वळवळत होती, शेकड्यानं.

"हाईच का ते माहेरपण? आम्हले बंदी, आन तुम्हले मोकळं?"

मागून कुणीतरी 'चोट्टी' म्हणालं. भागाबाईला ते ऐकू गेलं. तिनं बादली उचलली, धापा टाकत बांध चढली आणि तळ्याच्या पाण्यात अलगद कलती केली. पिल्लं क्षणात दिसेनाशी झाली.

"तळं भरनं का पिल्लं सांडव्यावरथून वाही जातस. डबकं आटनं का बठ्ठा मरतस," ती म्हणाली. "दरसाल मी त्यास्ले तळाम्हा आनी टाकस. यंदा तळं तुम्हनं शे, म्हनीसन काय मरू देवू?"

ज्योत्स्नाची मान खाली गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. "अक्का, माले माहीत नव्हतं…"

भागाबाईनं हातानंच तिला थांबवलं. लुगड्याचा ओचा सोडला आणि सगळ्यांपुढं पसरून धरला. आत बांधावर खुडलेली मूठभर तरोट्याची रानभाजी होती.

"हाई बी देखी ल्या," ती म्हणाली. "तळानं मी इतलंच लयेल शे."

आठजणींतली एकही पुढं झाली नाही. भागाबाई मात्र ओचा पसरून तशीच उभी राहिली, सगळ्यांचं बघून होईपर्यंत.