शिंपडलेली पुस्तकं

पूर्णेच्या स्टेशनात गाड्या यायच्या थांबल्या तेव्हा गाव खरं घाबरलं. तोवर रोगाच्या बातम्या टीव्हीत होत्या. इंजिनाचा भोंगा बंद झाला आणि त्या घरात शिरल्या. त्याच आठवड्यात लोकसेवा वाचनालयालाही कुलूप लागलं. ग्रंथपाल बबितानं ते स्वतःच्या हातानं लावलं आणि घरी येऊन बसली, तर फोन सुरू झाले. भरतीचा अभ्यास करणारी पोरं विचारत होती, संदर्भपुस्तकं कधी मिळणार. रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्ड म्हणाले, पेपर नसला की चहा घशाखाली उतरत नाही. आणि सगळ्यांत जास्त फोन रुख्मिणीकाकूंचे.

रुख्मिणीकाकू म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष भगवानराव यांच्या पत्नी. भगवानराव निवृत्त मुख्याध्यापक. मुलाखतीच्या वेळी त्यांनीच बबिताच्या नावाचा आग्रह धरला होता, आणि ही गोष्ट ते चार माणसांत अधूनमधून सांगत. काकूंना कादंबऱ्यांचं वेड. एखादी संपली की बबिताला फोन करायच्या आणि नायिकेनं नवऱ्याला सोडायला हवं होतं की नको, यावर तासभर वाद घालायच्या. बबिताला हे वाद आवडत. सासरी-माहेरी पुस्तकांवर असं बोलणारं तिला दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून घरपोच पुस्तकांची कल्पना निघाली ती बबिताच्याच डोक्यातून. तिनं तहसीलमधून परवानगी काढली, अर्धं गाव स्वतःकडे घेतलं आणि अर्धं लिपिक हरिओमकडे दिलं. परत आलेली पुस्तकं पोत्यात बांधून काही दिवस बाजूला ठेवायची, मग गच्चीवर उन्हात पसरायची, तेव्हाच पुढच्या वाचकाला द्यायची, असा नियम केला. भगवानराव खूश झाले. त्यांनी लगेच फलक रंगवून घेतला: ‘ग्रंथ आपल्या दारी’. खाली त्यांचं नाव.

सुरुवातीला कुणीच कुणाला जवळ येऊ देत नव्हतं. बबिता स्कूटी लावून लांबूनच हाक मारायची, पुस्तक ओट्यावर ठेवायची, मागं सरायची. मग घरातलं माणूस बाहेर यायचं. तिच्या स्वतःच्या वस्तीतही हीच रीत होती. बौद्ध वाड्यातली तिची चुलतजाऊसुद्धा पदर नाकाला लावून पुस्तक उचलायची. बबिताला त्यात वावगं वाटलं नाही. भीती सगळ्यांना सारखीच होती.

मग एकदा पोतं उघडलं आणि वास आला.

सॅनिटायझरचा वास तिच्या नाकाला सवयीचा झाला होता. हा तसा नव्हता. ओला, आंबट, गोठ्यातला वास होता. तिनं एकेक पुस्तक बाहेर काढलं. एका जाड कादंबरीची पानं फुगून एकमेकांना चिकटली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या, मुखपृष्ठावर वाळलेल्या थेंबांचे डाग होते. तिनं पान सोडवायला बोट घातलं आणि बोटाला चिकट लागलं. गोमूत्र होतं. तिनं हात झटकला, साबणानं धुतला, तरी दुपारी भाकरीचा घास तोंडाशी नेताना तोच वास आला आणि तिनं ताट बाजूला सारलं.

वासराबिसरानं घाण केली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण पुढच्या खेपेलाही तेच. पुस्तकं नेहमी एकाच गल्लीतली, भगवानरावांच्या आणि त्यांच्या शेजारच्या घरांतली. मध्ये तिची स्कूटी बिघडली होती तेव्हा त्या गल्लीत हरिओम गेला होता. त्यानं नेलेली पुस्तकं मात्र कोरडी, स्वच्छ परत आली होती.

तिनं हरिओमला विचारलं. तो रबरी शिक्का शाईच्या पॅडवर उगाचच दाबत राहिला. मग म्हणाला, “सोडा ना मॅडम. जुनी माणसं हायेत. त्यायला काय सांगावं.”

“तुला माहीत होतं?”

“मला चहा द्यायलेत तवा बघितलं एकदा. तुमी ठिवलेलं पुस्तक काकूनं फडक्यानं उचललं.” त्यानं मान वर केली नाही. “मी काय बोलणार? भावकीतले हायेत.”

बबिताला त्या चहाचंच नवल वाटलं. महिनाभरापूर्वी हरिओमचा भाऊ पुण्याहून आला होता आणि तपासणीत बाधित निघाला होता. हरिओमच्या दारासमोर बांबू आडवे बांधले होते, घरातल्या सगळ्यांना शाळेत नेऊन ठेवलं होतं. बबिताच्या वस्तीत तोवर एकही रोगी सापडला नव्हता. रोगाच्या घरातला माणूस काकूंच्या झोपाळ्यावर बसून चहा प्यायचा, आणि तिनं आणलेलं पुस्तक फडक्यानं उचललं जायचं.

तरीही तिनं काकूंना फोन केला नाही. फडक्यानं उचललं असेल, पण गोमूत्राचं काम शेजारच्या कुणाचं असेल, काकू तसं करणार नाहीत, असं तिला अजून वाटत होतं. खरं तर तसं वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी भगवानरावांचा निरोप आला की वार्ताहर येतोय, तू पुस्तकं घेऊन घरी ये, फोटो काढायचाय. बबिता गेली. भगवानराव इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर उभे होते. वार्ताहरानं सांगितलं तसा त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, दोन्ही हात पुढं केले आणि बबिताच्या हातातून पुस्तक घेतलं, तिच्या बोटांना बोटं लागतील इतक्या जवळून. फोटो निघाला. मग त्यांनी वार्ताहराला सांगितलं की संकटात माणूस माणसाला पारखा होतो, तेव्हा पुस्तकच माणसं जोडतं. बबिता आमच्या वाचनालयाची लेक आहे, असंही म्हणाले. वार्ताहर लिहून घेत होता.

वार्ताहराची गाडी वळली, बबिताही निघाली. कोपऱ्यावर तिच्या लक्षात आलं की परत न्यायची पुस्तकं घ्यायची राहून गेली. ती स्कूटी तिथंच ठेवून चालत माघारी आली. दार उघडंच होतं.

अंगणात भगवानराव ओणवे होऊन हात पुढं करून उभे होते आणि रुख्मिणीकाकू तांब्यानं त्यांच्या हातांवर पाणी ओतत होत्या. नुसतं तळहातांवर नव्हे, पार कोपरापर्यंत. खाली फरशीवर ते पुस्तक पडलं होतं. काकूंनी तांब्या ठेवला, वाटी घेतली आणि दर्भाच्या काडीनं पुस्तकावर शिंपडायला लागल्या. ओठांत काहीतरी पुटपुटणं चालू होतं. थेंब मुखपृष्ठावर पडत होते आणि तोच वास अंगणात भरला होता.

बबिता दारातच उभी राहिली.

“काकू, हरिओमनं आणलेल्या पुस्तकावर पण शिंपडता का?”

काकूंचा हात हवेत थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानरावांनी पंचा घेऊन सावकाश हात पुसले आणि वर्गात बोलत तशा शांत आवाजात म्हणाले, “रोगराईचे दिवस आहेत, बबिता. खबरदारी घ्यावी लागते. तू गैरसमज करून घेऊ नकोस. मी तुला लेकीसारखी मानतो.”

“रोगी हरिओमच्या घरात निघाला होता, सर.”

भगवानराव पंचा दोरीवर वाळत घालायला वळले. काकू वाटी हातात धरून खाली बघत होत्या. ज्या बाईशी तासन्‌तास नायिकांच्या दुःखावर बोललो ती हीच का, हे बबिताला उमगेना. ती पुढं गेली, फरशीवरचं पुस्तक उचललं, परत न्यायचीही उचलली आणि बाहेर पडली. ओल्या पुस्तकाचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. कोपऱ्यावर येऊन तिनं ते डिक्कीत टाकलं आणि गटारीच्या कडेला बसून ओकली.

घरी तिनं सगळं सासूला, मालनबाईला सांगितलं. मालनबाई निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आमच्या येळेला वरून पाणी वाढायचे, आमी वंजळीनं प्यायचो. तवा ते धर्म म्हणायचे. आता रोग म्हणायलेत.” मग पुन्हा भाजी निवडायला लागली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि बबिताला त्याचाच जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी बबितानं घरपोच सेवा बंद केली. रस्त्याकडच्या खिडकीची लोखंडी झडप तिनं उघडून घेतली, समोर चुन्यानं गोल आखले आणि सगळ्या वाचकांना फोनवर सांगितलं की पुस्तक इथं मिळेल, रांगेत उभं राहून, ज्याला हवं त्यानं यावं. फक्त जे घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांच्याकडे ती जायची, आणि वसतिगृहात उघडलेल्या विलगीकरण केंद्रात. तिथं खरोखरच आजारी असलेली माणसं दारात उभी असायची. पुस्तक आत गेलं की परत घ्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती जुनी, सुटी झालेली पुस्तकं न्यायची. वालूरकडची एक म्हातारी, भिवराबाई, तिला अक्षर येत नव्हतं, ती चित्रांचं पुस्तक मागायची आणि बबिता लांब उभी राहिली की म्हणायची, “माझ्यामुळं तुला व्हायला नको गं माय, तिथंच ठिव.” ज्यांच्यापासून भ्यायला हवं होतं ते तिच्यासाठी भीत होते. तिथून परतताना बबिताला त्या अंगणाची आणखी शिसारी यायची.

भगवानरावांनी फोनवरच संचालकांची बैठक बोलावली. सेवा बंद करणं वाचनालयाच्या लौकिकाला शोभत नाही, जिल्ह्यात आपल्या नावाची चर्चा आहे, असं ते बोलले. बबितानं सगळं ऐकून घेतलं.

“ज्या दारात वाचनालयाचं पुस्तक धुऊन घेतात त्या दारात मी ते नेणार नाही,” ती म्हणाली. “नेणारा दुसरा कुणी असेल तर सांगा.”

फोनवर एकाच्या घरातला कुकर शिट्टी देत होता. कोणतं दार, कुणाचं दार, असं एकानंही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. सचिव व्यंकटराव खाकरून म्हणाले, खिडकीची सोय बरी आहे, गर्दी होत नाही, तीच राहू द्या. हरिओमही त्या फोनवर होता.

फोटो पेपरात छापून आला. भगवानरावांचे दोन्ही हात पुढं आणि तोंडभर हसू. कात्रण लॅमिनेट करून त्यांनी वाचनालयात लावायला पाठवलं. लावायला बबितानं हात लावला नाही; हरिओमनं लावलं.

पावसाळा लागता लागता एका सकाळी रुख्मिणीकाकू खिडकीशी आल्या. पुढं शेळ्या राखणारी एक बाई नातीसाठी गणिताचं पुस्तक नेत होती. तिच्यामागच्या गोलात काकू छत्री घेऊन उभ्या होत्या. पाळी आल्यावर त्यांनी हळूच एका नव्या कादंबरीचं नाव सांगितलं. बबितानं ती काढून खिडकीत ठेवली. काकूंनी ती घेतली, पण हलल्या नाहीत.

“यांचं ऐकावं लागतं गं,” त्या म्हणाल्या.

“शिंपडत तुम्ही होतात, काकू.”

काकूंचे डोळे भरून आले. बबिताला दया आली नाही. तिनं मागच्या माणसाला पुढं यायची खूण केली. काकू पुस्तक पदराखाली घेऊन गेल्या.

ते पुस्तक परत आलं तेव्हा पोत्यात टाकण्याआधी बबितानं ते नाकाशी नेलं. कागदाचा वास होता, बाकी काही नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटंच. कुत्र्यासारखं पुस्तक हुंगत आपण उभ्या आहोत, ही सवय त्या घरानं आपल्याला लावली, या विचारानं तिला त्यांची आली तेवढीच स्वतःचीही किळस आली.

आता गाड्या पूर्ववत धावतात, वाचनालय दिवसभर उघडं असतं. भगवानराव अजून अध्यक्ष आहेत आणि चौदा एप्रिलला समतेवर भाषण करतात. बबिता त्या दिवशी व्यासपीठावर बसत नाही, पुस्तकांच्या टेबलामागं थांबते. काकू येतात, पुस्तकं नेतात, नायिकांविषयी बोलायला बघतात. बबिता “हो” किंवा “नाही” एवढंच म्हणते. त्यांची पुस्तकं परत आली की त्या पाठमोऱ्या व्हायची ती वाट बघते, आणि मग हुंगते.