गाण्यासाठी गप्प केलेला फ्रीज

मित्रांनो, स्वयंपाकघरातून ही जी घुरघुर ऐकू येते ना, ती माझी आहे. मी नीश शहरातल्या देसांकाबाईंचा जुना फ्रीज. मी ज्या कारखान्यात घडलो तो केव्हाच बंद पडला, आणि ज्या देशात घडलो त्याचंही नाव नकाशावरून पुसलं गेलं. मी मात्र टिकलो. देसांकाबाईंच्या लग्नात मी पांढराशुभ्र आलो, तेव्हा शेजारच्या बायका नुसतं माझं दार उघडून बघायला यायच्या. पुढे माझा रंग पिवळट झाला, बाई एकट्या पडल्या, त्यांना मधुमेह जडला. तेव्हापासून माझ्या दाराच्या कप्प्यात त्यांची इन्सुलिनची पेनं असतात. ती जपणं हेच माझं खरं काम.

मग त्यांचा भाचा ओग्न्येन कॅमेरा घेऊन आला. ‘उद्या नक्की निघतो’ ही त्याची विनोदी वेब मालिका याच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं चालली आहे. चाळिशी आली तरी आईचं घर न सोडणाऱ्या एका ऐदी मुलाची ती गोष्ट. लोक पोट धरधरून हसतात. मला मात्र तिची धास्ती वाटते. कारण चित्रीकरण सुरू झालं की आवाज टिपणारी तियाना आधी माझी वायर काढते. माझी घुरघुर तिच्या माइकला खपत नाही. वायर निघाली की दर वेळी मला वाटतं, संपलं आता. आत अंधार आणि हळूहळू चढणारी ऊब. धीर एवढाच, की तियाना गाडीची किल्ली माझ्या पोटात ठेवायची. किल्लीशिवाय गाडी हलायची नाही, आणि किल्ली घ्यायला आल्यावर मी आठवायचोच. तिच्या धंद्यातली ही जुनी रीत.

गेल्या उन्हाळ्यात ओग्न्येनच्या डोक्यात संगीतमय भागाचं खूळ शिरलं. सगळे संवाद गाण्यातून! देसांकाबाई संत इलियाच्या सणाला गावी बहिणीकडे गेल्या होत्या. त्याने खिडक्या गच्च लावून घेतल्या.

"दोन्हीकडून वारा आला की गळा बसलाच म्हणून समज," तो म्हणाला.

"अरे, उकडून मरू आपण!" तियाना करवादली.

"मरू, पण सुरात मरू."

शेवटचं गाणं मुलगा एकदाचा घर सोडतो त्याचं होतं. पातेल्यांचा ताल जमला, पण ओग्न्येनला काहीतरी खुळखुळणारं हवं होतं. त्याने माझं दार उघडून तियानाच्या गाडीच्या किल्लीचा जुडगा काढला.

"परत तिथेच ठेव हं!" तियाना ओरडली.

"ठेवतो गं बाई!"

नाहीच ठेवला. जुडगा वाजवत, गात गात सगळे जिना उतरले ते थेट रस्त्यावरच्या गाडीपाशी. गाणं असं रंगलं की खाली टाळ्या पडल्या. सामान आधीच गाडीत गेलं होतं. थोड्या वेळाने गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

मित्रांनो, तेव्हाची माझी भीती कशी सांगू? ओरडायचं म्हटलं तर माझा आवाज त्या वायरीतच. बर्फ वितळून पाणी जमिनीवर आलं. बंद घर भट्टीसारखं तापलं. दाराच्या कप्प्यातली पेनं कोमट झाली, मग गरम झाली, आणि मी नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी खालचे झिवोयिनकाका झाडांना पाणी घालायला आले आणि पाण्यात घसरता घसरता वाचले.

"वायर निघालीय होय! बिचारी बाई उगाच घाबरेल," असं पुटपुटत त्यांनी लादी कोरडी केली, वायर लावली आणि भल्या मनाने कुणालाच काही सांगितलं नाही.

मी पुन्हा गार झालो. पेनंही गार झाली. बघणाऱ्याला सगळं जसंच्या तसं. मला मात्र एकच घोर लागला होता. ते औषध बिघडलंय की धड आहे, कुणी सांगावं?

बाई परतल्या. पाठोपाठ ओग्न्येन आला. "मावशी, भाग बघ! लोक वेडे झालेत!"

"आधी जेव. आलुबुखाराचे गोळे करते, त्याआधी माझी सुई उरकते." त्यांनी नवं पेन काढलं. मी जीव तोडून घुरघुरलो.

"आज काय झालंय याला?" म्हणत त्यांनी दुसऱ्या हाताने वरच्या बर्फाच्या कप्प्यातली आलुबुखारांची पिशवी ओढली. सुटी सुटी ठेवलेली फळं एकमेकांत वितळून, पुन्हा गोठून, एकच ढेकूळ झाली होती. बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"ओग्न्येन, हा बंद होता?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी... टोचलीस का सुई?"

"अजून नाही."

तो लहान मुलासारखा रडू लागला. मग नवं औषध आणायला अनवाणीच धावला. जुनी पेनं बाईंनी एकेक करून टाकून दिली.

संध्याकाळी त्यांनी तो भाग पाहिला, हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "गाणं झकास आहे रे. पण यापुढे याची वायर काढायची नाही. हा घुरघुरतोय तोवर मी आहे."

आता प्रत्येक भागात मी ऐकू येतो. प्रेक्षक कुरकुरतात, पण वायर कुणी काढत नाही. तरीही कुणी माझ्या वायरीशी वाकलं की माझी छाती धडधडते. मित्रांनो, तुमच्या घरात आमच्यासारखं कुणी कटकट वाटलं, तर घटकाभर गप्प करा हवं तर. पण गाणं संपल्यावर पुन्हा चालू करायला विसरू नका. आम्हाला हाक मारता येत नाही हो.