अठरा मीटर, अठ्ठावीस फ्रेम

"आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. आता थांबा," ती म्हणाली. वडील तिच्या आधीच थांबले होते.

खुब्याच्या ऑपरेशनला पाच आठवडे होऊन गेले होते. दर रविवारी सकाळी ती त्यांना गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची आणि चालवता चालवता मनात सेकंद मोजायची. मोजणं हा तिचा स्वभाव होता आणि नोकरीही. गुन्ह्यांच्या तपासासाठी व्हिडिओ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं काम करत होती. तिथे पाठीमागे तिला 'फूटपट्टी' म्हणतात, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं.

वडिलांनी विचारलं, आज किती? ती म्हणाली, दोन पावलांना सव्वादोन सेकंद.

"म्हणजे गोगलगाय पुढे गेली म्हणायची," वडील म्हणाले आणि काठी पुढे टेकवली.

ती मात्र तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे दुसराच एक काठीवाला म्हातारा आला होता. बसच्या अपघाताच्या व्हिडिओत, बस येण्याच्या थोडं आधी, फुटपाथवरून जाणारा. तो व्हिडिओ तिनं शंभरदा तरी पाहिला असेल. त्यातला म्हातारा काठी टकटक आपटत, जवळजवळ पळत जायचा. त्याच्या दोन पावलांना सव्वा सेकंदसुद्धा लागत नव्हता. आत्ता आठवलं तर त्या व्हिडिओतली सगळीच माणसं घाईत होती. दारातली पायपुसणी झटकणारी बाई, कुलूप उघडणारा माणूस, सगळीच. एवढ्यांदा पाहूनही तिला ते खटकलं नव्हतं. तिला स्वतःलाच कायम घाई असायची.

एका म्हाताऱ्यावरून दुसऱ्याचं माप काढायचं नसतं, हे तिनं स्वतःला बजावलं. तरी पुढ्यातला चहा अर्धा तसाच ठेवून ती बाहेर पडली. सुट्टीच्या दिवशी कुठे, असं वडिलांनी विचारलं, तर आलेच म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी एका बसनं गल्लीतून बाहेर येणाऱ्या स्कूटरवाल्याला उडवलं होतं. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून सांगत होता की मी पस्तीसच्या वर नव्हतो. त्या रस्त्यावर चाळीसची मर्यादा होती. रस्त्यावरच्या शिंप्याच्या दुकानाचा कॅमेरा तेवढा साक्षीला होता, आणि त्यावरून वेग काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. व्हिडिओ म्हणजे शेवटी ओळीनं लावलेले फोटो, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला किती फोटो निघतात ते माहीत असलं की फोटो मोजून किती वेळ गेला ते काढता येतं. दोन खांबांमधलं अंतर अठरा मीटर. ते ओलांडायला बसला अठ्ठावीस फ्रेम लागल्या. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या की उत्तर येतं ताशी अठ्ठावन्न किलोमीटर. तिनं अठ्ठावन्न लिहून सही केली आणि ड्रायव्हर निलंबित झाला. त्याला कायमचं काढायचं की नाही याची सुनावणी आता गुरुवारी होती.

पंचवीस हा आकडा तिनं फाइलवरून घेतला होता. फाइल मूळ नव्हती, पोलिसांनी कुठल्याशा साध्या प्रोग्रॅममधून काढून आणलेली प्रत होती. त्या प्रतीत कोपऱ्यातली तारीख-वेळ उतरलीच नव्हती. मूळ रेकॉर्डिंग मागवायला हवं होतं. त्या आठवड्यात टेबलावर सतरा प्रकरणं होती.

रिकाम्या लॅबमध्ये तिनं व्हिडिओ लावला. ती बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. माणसांवर विसंबता येत नाही, एखादा चपळ असतो, एखादा मंद. तिला घाई न करणारं काहीतरी हवं होतं. ते चित्राच्या डाव्या कोपऱ्यात सापडलं. धडकेचा आवाज ऐकून शिंपी दचकला होता आणि त्याच्या हाताच्या धक्क्यानं मोठी कात्री टेबलावरून खाली पडली होती. टेबल अंदाजे ऐंशी सेंटीमीटर उंच धरलं, तर तेवढ्यावरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर पोचायला सेकंदाचे चार दशांश लागतात, मग ती कोणाचीही असो. पंचवीसच्या हिशेबानं दहा फ्रेम व्हायला हव्या होत्या. तिनं एकेक फ्रेम पुढे सरकवली. कात्री सहा फ्रेममध्ये खाली आली.

तिनं चारदा मोजलं. सहाच.

सोमवारी सकाळीच तिनं शिंप्याचं दुकान गाठलं. टेबलाला टेप लावली. बरोबर ऐंशी. कॅमेरा तोच होता, रेकॉर्डरही तोच, शिंप्याच्या भाषेत 'कोणी हात लावलेला नाही, आम्हीपण नाही'. तिनं कॅमेऱ्यापुढे स्टॉपवॉच धरलं आणि रेकॉर्डरमधून ते चित्र थेट काढून घेतलं. सेकंदाला पंधरा फ्रेम. पंचवीस हा आकडा प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमनं आपला आपण घातला होता. मूळ रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं गेलं होतं, पण मापाला एवढं पुरेसं होतं. अठरा मीटर, अठ्ठावीस फ्रेम, सेकंदाला पंधरा. ताशी पस्तीस.

लॅबच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं आणि सुचवलं की पूरक अहवाल देऊ, त्यात 'नवीन तांत्रिक माहिती उपलब्ध झाल्याने' असं घालू. तिनं विचारलं, नवीन काय आहे त्यात? रेकॉर्डर तर तेव्हाही तिथेच होता.

"हे बघ," साहेब म्हणाले, "तू चूक म्हणून लिहिलंस की उद्या प्रत्येक वकील तुझे जुने रिपोर्ट उकरणार. अकरा वर्षांचे. विचार केलायस?"

"केलाय. त्यांच्या आधी मीच उकरते."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. वेग काढलेले असे किती आहेत, असं त्यांनी विचारलं. एकोणचाळीस, ती म्हणाली. रात्रीच तिनं यादी केली होती.

घरी आल्यावर वडिलांनी खोदून खोदून विचारलं. त्यांची सगळी हयात घरोघरी पाण्याची मीटरं वाचण्यात गेली होती. तिनं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काठीची मूठ चाचपत राहिले. मग म्हणाले की चुकलेलं रीडिंग तसंच ठेवलं की पुढच्या खेपेला ते दामदुप्पट होऊन बसतं. "आणि शिव्या पुढच्या माणसाला बसतात. आपण बदली होऊन गेलेलो असतो." एवढं बोलून त्यांनी पाणी मागितलं.

गुरुवारी सुनावणीत तिला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. समोरच्या तिघांपैकी एकानं विचारलं, हे आधीच का तपासलं नाही? तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही, ती म्हणाली. त्यानं ते लिहून घेतलं. निकाल तिथेच लागला. ड्रायव्हरला कामावर परत घ्यावं.

ती बाहेर आली तेव्हा ड्रायव्हर कॉरिडॉरमध्ये उभा होता. तिनं त्याला आजवर कधी पाहिलं नव्हतं, त्याची बस तेवढी पाहिली होती. पन्नाशीचा, बारीक, शर्ट नीट खोचलेला. काय बोलायचं ते तिनं येताना ठरवलं होतं, त्यातलं आता एक वाक्य आठवेना. माफ करा, एवढंच म्हणाली.

"किती म्हणालात आत?" त्यानं विचारलं.

"पस्तीस."

त्यानं मान हलवली. राग दिसला नाही, आनंदही नाही.

"पहिले दोन महिने मी भांडलो," तो म्हणाला. "मग बायको म्हणायला लागली, मशीन कशाला खोटं बोलेल, खरं काय ते सांगून मोकळे व्हा. शेवटी मलाही वाटायला लागलं, असेल अठ्ठावन्न. आपलंच लक्ष नसेल. परवा तिला तसं सांगूनही टाकलं. कबूल केलं मी, मॅडम. न केलेलं."

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तो तिच्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा. मी आता काही सांगितलं तर तिला वाटेल, फिरलो."

फोन तिच्या हातात देऊन तो पाच-सहा पावलं लांब गेला आणि भिंतीवरच्या नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडून 'हॅलो' आलं. ती कोण आहे ते तिनं सांगितलं आणि मग म्हणाली, "बसचा वेग पस्तीस होता. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच खरं होतं. मोजण्यात चूक माझी झाली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती फोन ड्रायव्हरला द्यायला वळणार, तेवढ्यात बाईचा आवाज आला, अगदी हळू.

"त्यांना लगेच देऊ नका. थांबा जरा."

ती थांबली. फोन कानाला लावून, श्वाससुद्धा जपून घेत. तिकडे ड्रायव्हर पाठमोरा उभा होता. बोर्डावर पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची जुनी नोटीस लावलेली होती. ती वाचून झाली तशी त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली.