विहीणबाईंचं निवडुंग

घड्याळजींना वाकडं काही खपत नसे. बायकोने टेबलावर ठेवलेला चमचासुद्धा ते जाता जाता सरळ करत, आणि बायको येता येता तो मुद्दाम तिरका करी. असा संसार तीस वर्षं झकास चालला होता.

एक दिवस मुलीच्या सासूबाई आपलं लाडकं निवडुंग घेऊन आल्या. लिंबाएवढा केसाळ गोळा, बुडाशी कुजलेला, कडेला वाटाण्याएवढं एक पिल्लू.

"दुसऱ्या निवडुंगाच्या खुंटावर कलम केलं तर वाचेल म्हणतात. व्याहीबुवा, तुमच्या हाताला तोड नाही!"

विहिणीच्या तोंडून कौतुक! घड्याळजी असे फुगले की विचारू नका. त्यांनी पिल्लू काढून बाजूला ठेवलं, कुंडीतल्या तिधारी निवडुंगाचा शेंडा उडवला, डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावलं आणि कुजकं बूड कापून, मोजून मापून गोळा बरोबर मधोमध बसवला. वरून रबर लावले. दहाव्या दिवशी रबर सोडले, तर गोळा टुणकन जमिनीवर. आतून पार वाळलेला.

नेमका त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. "कसं आहे आमचं बाळ?"

"एकदम मजेत!" घड्याळजींनी ठोकून दिलं, आणि फोन ठेवताच बाजूला काढलेलं पिल्लू शोधायला धावले.

आता उरलं होतं एकटं पिल्लू, आणि ते बसवायला खुंटच नव्हता, कारण कुंडीतला काळा पडून सडला होता. कचऱ्यात टाकलेला त्याचा शेंडा मात्र बायकोने उचलून फुटक्या कपातल्या वाळूत खोचला होता, अर्थात तिरका. घड्याळजींनी तो सरळ केला. मग मूळ फुटलं का ते पाहायला रोज सकाळी उपटू लागले.

"अहो, घड्याळ आहे का ते, उघडून बघायला?" म्हणत बायकोने कप स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला आणि त्यांना तिकडे फिरकायची बंदी केली. दोन महिन्यांत शेंड्याने मूळ धरलं, बोटभर वाढलाही. आगपेटीत ठेवलेलं पिल्लू तोवर मनुक्यासारखं सुरकुतलं होतं. त्यात विहीणबाईंचा पुन्हा फोन. महिनाभरात येते म्हणाल्या.

घड्याळजींनी नवा खुंट कापला, पिल्लू मधोमध ठेवलं, एवढ्यात दारावर गिऱ्हाईक आलं. परत येऊन बघतात, तर पिल्लू खुंटाच्या कडेला तिरकं, वर दोन रबर गच्च.

"हे काय केलंस?"

"मधोमध ठेवून बघितलं, मेलं. आता कडेला बघू."

त्यांनी सरळ करायला बोट पुढे केलं.

"हात लावाल तर आत्ता विहीणबाईंना फोन लावीन."

घड्याळजींनी बोट मागे घेतलं.

तीन आठवड्यांत पिल्लू टम्म फुगलं. घड्याळजींनी गुपचूप रोपवाटिका गाठली.

"दोघांच्या पोटात एकेक रिंगण असतं," रोपवाला म्हणाला. "ती भिडली तरच जीव लागतो. लहान रिंगण मोठ्याच्या बरोबर मधे ठेवलंत तर ती भेटणार कधी?"

घरी आल्यावर चार दिवस त्यांनी एकही चमचा सरळ केला नाही.

विहीणबाई आल्या, कुंडीकडे वाकल्या. "अगंबाई! वाकडं? तुमच्या हातून?"

'जरा हात हलला' एवढं म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं, बाळही आणि अब्रूही. बायको छताकडे बघत ओठ दाबून उभी होती. ती काही बोलणार नव्हती, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

"माझं सरळ होतं," ते म्हणाले. "ते मेलं. हे पिल्लू हिने जगवलंय."

"ठाऊक आहे," विहीणबाई हसल्या. "तुमच्या लेकीने तेव्हाच सांगितलं. म्हटलं, बघू तरी किती दिवस थापा मारतात."

त्यांनी पिशवीतून आणखी एक कुजकं निवडुंग काढलं. घड्याळजींनी सवयीने हात पुढे केला. विहीणबाईंनी तो हात ओलांडून निवडुंग त्यांच्या बायकोला दिलं.

"अहो, रबर आणा," बायको म्हणाली. "आणि भिंग नको."