अंगठ्याखालचं वाक्य

मी एक जुना निबंधसंग्रह आहे, मित्रांनो. अमेरिकन निबंधांचा. पुठ्ठा सुटलेला, पाठीला चिकटपट्टी. हसू नका, एके काळी माझाही तोरा होता.

माझ्यातले लेखक भारी खोडकर. सुरुवात करायची बगळ्यापासून, आणि वाचणारा बगळ्यात रमला की त्याला हळूच गुलामगिरीसमोर, नाहीतर एखाद्या अन्यायी युद्धासमोर नेऊन उभं करायचं. पाखरू आणि प्रश्न त्यांच्या एकाच परिच्छेदात नांदायचे.

न्यूझीलंडमधल्या रिकार्टनला जुन्या पुस्तकांच्या विक्रीत अनुराधाने मला उचललं. ती मूळची पुण्याची, इथे ख्राइस्टचर्चला इंजिनियर. दर रविवारी ती लेकीला, इराला, घेऊन हॉर्नबीजवळच्या एका तळ्यावर यायची आणि मला मराठी करत करत मोठ्याने वाचायची. तळ्यात ईल मासे, काठाला लाल चोचीचे निळे पुकेको पक्षी. "आई, रीड द बर्ड बिट अगेन," इरा म्हणायची. इतके लाड माझे कुणी केले नव्हते.

ते तळं होतं मराठी मंडळाच्या जागेत. तिथे हॉल बांधायचा ठरला. तळं बुजवून पार्किंग करायचं की गाड्या रस्त्यावर लावायच्या, हे भूमिपूजनाच्या दिवशी हात वर करून ठरणार होतं. त्याआधी अनुराधाने काहीतरी वाचावं, असं अध्यक्ष बाळासाहेबांनी सुचवलं.

"वहिनी, पक्ष्यांचं, पाण्याचं वाचा. फक्त ते राजकारण नको. शुभकार्य आहे."

"ते वेगळं काढता येत नाही हो त्यातून."

"अहो, इतकी वर्षं शाळांचे हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतोय आपण. आता कशाला खोडा घालता?"

अनुराधाने मला पिशवीत टाकलं. वेळ आली तेव्हा तिने वाचलं: पहाटेचं तळं, धुकं, एका पायावर उभा बगळा. काय गोड वाचलं म्हणून सांगू! पुढचं वाक्य होतं, 'याच काठाने काल एका पळालेल्या गुलामाला बांधून नेलं. पाण्यात मला माझा चेहरा दिसतो, आणि तो गप्प बसलेल्या माणसाचा आहे.' त्या वाक्यावर तिने अंगठा दाबून धरला. अंगठ्याला घाम फुटला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तळं बुजवायला कोण कोण तयार?" बाळासाहेबांनी विचारलं.

एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटी अनुराधाचाही गेला. मित्रांनो, त्या हातात मी होतो. तळ्याला जीव लावायला शिकवणारा मी, तळ्याच्या विरोधात उंच धरला गेलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इरा आईकडे बघत राहिली.

आता हॉल झालाय, छान झालाय. तिथल्या काचेच्या कपाटात मला मानाची जागा दिली आहे. हा मान मला सोसत नाही. खिडकीतून समोर नुसत्या गाड्या दिसतात.

गेल्या रविवारी अनुराधा आली. तिने गाडी रस्त्यावरच लावली. इरा गाडीतून उतरली नाही. अनुराधाने मला बाहेर काढून ते पान उघडलं. घामाचा डाग अजून तिथेच होता. पार्किंगकडे तोंड करून तिने तो परिच्छेद सगळाच्या सगळा वाचला, त्या वाक्यासकट. ऐकायला एकही पुकेको नव्हता.

मित्रांनो, मला जपायचं तर चिकटपट्टी नको. वाचताना अंगठा तेवढा कडेला धरा.